वाचकांचे प्रश्न : फ्रेमिंगहॅमचा पीटर सेलम आणि त्याची कबर

प्रश्न : आम्ही मूळचे साताऱ्याचे असून नोकरीच्या निमित्ताने अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील फ्रेमिंगहॅम येथे राहतो. येथील मेन स्ट्रीटवरच्या जुन्या दफनभूमीत पीटर सेलम नावाच्या कृष्णवर्णीय सैनिकाची शिळा आहे. ब्रिटिश वसाहतीच्या अखेरच्या काळात तो गावच्या मिलिशियातून लढला आणि बंकर हिलच्या लढाईत त्याने मेजर पिटकेर्न या ब्रिटिश अधिकाऱ्याला गोळी घातली, असे येथे सर्रास सांगतात. आठवीतल्या आमच्या मुलीने शाळेच्या प्रकल्पासाठी हाच विषय निवडला आहे. पण इंटरनेटवर एकच मजकूर सगळीकडे फिरताना दिसतो. शिळेवरची माहिती विश्वसनीय मानावी काय, तो खरोखर त्याच जागी पुरला आहे काय, आणि ज्याच्यामागे पत्रे, मृत्युपत्र, जमीनजुमला असे काहीच उरले नाही अशा माणसाचे आयुष्य शोधायचे तर कोठून सुरुवात करावी? पिटकेर्नची गोष्ट खरी आहे काय, हेही मुलीला विचारायचे आहे.
— एक वाचक, फ्रेमिंगहॅम

उत्तर : सुरुवात शिळेपासून करू नये, हे आधी सांगतो. शिळेवरचा मजकूर अगदी थोडका आहे : नाव, क्रांतियुद्धातील (म्हणजे ब्रिटिशांविरुद्धच्या अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातील) सैनिक अशी ओळख, १६ ऑगस्ट १८१६ ही मृत्यूची तारीख आणि काँकर्ड, बंकर हिल व सॅराटोगा ही तीन रणक्षेत्रे. मात्र ही शिळा गावाने १८८२ साली उभारलेली आहे, म्हणजे मृत्यूला सहासष्ट वर्षे उलटून गेल्यावर. ज्यांनी ती उभारली त्यांच्यापैकी कोणी पीटरला पाहिले असलेच तर ते लहानपणी, आणि बाकीच्यांनी त्याच्याविषयी जे ऐकले किंवा वाचले तेच दगडावर कोरले. त्यामुळे शिळा हा त्याच्या आयुष्याचा पुरावा नसून, १८८२ सालच्या फ्रेमिंगहॅमला त्याच्याविषयी काय ठाऊक होते आणि काय लक्षात ठेवावेसे वाटले, याचा तो पुरावा आहे. हा फरक मुलीच्या प्रकल्पात पहिल्याच पानावर यावा.

मग पुरावा कोठे आहे? माझ्या मते या शोधाची किल्ली एकच आहे. पीटर सेलमसाठी किंवा त्याच्यापायी कोणाला कधी पैसे मोजावे लागले, तेवढे पाहत जावे. जो जन्मतः दुसऱ्याच्या मालकीचा होता, ज्याच्या नावावर शेत नव्हते आणि जो गावाच्या आश्रयावर मेला, अशा माणसाचे नाव कोणी कौतुकाने लिहून ठेवत नाही. ते हिशेबापुरते लिहिले जाते. खरेदी, पगार, निवृत्तिवेतन आणि मदत या चार खात्यांच्या कागदांत त्याचे जवळजवळ सगळे आयुष्य सापडते, आणि जिथे पैसे देण्याची वेळच आली नाही तिथे कागद गप्प असतो.

पहिले खाते खरेदीचे. पीटरचा जन्म १७५० च्या सुमारास फ्रेमिंगहॅममध्ये झाला आणि तो जेरेमाया बेलनॅप यांच्या मालकीचा गुलाम होता. बेलनॅप यांनी पुढे त्याला लॉसन बकमिन्स्टर यांना विकले. बेलनॅप हे मूळचे सेलम गावचे, आणि त्या गावावरून त्याला सेलम हे नाव पडले असे सांगितले जाते. गुलामाचा शोध मालकाच्या नावाने घ्यावा लागतो, ही या कामातली पहिली अडचण आहे आणि ती मुलांना समजावून सांगण्यासारखी आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये १७७१ साली करआकारणीसाठी मालमत्तेची जी यादी झाली, तिच्यात घरे, गुरे, धान्य यांच्याबरोबर चौदा ते पंचेचाळीस वयाच्या ‘आजन्म नोकरां’चा एक रकाना आहे. ‘गुलाम’ हा शब्द टाळून केलेली ही नोंद आहे. त्या रकान्यात फक्त आकडा असतो, नाव नसते. फ्रेमिंगहॅमच्या पानावर बेलनॅप आणि बकमिन्स्टर ही नावे शोधून त्यांच्यापुढचा आकडा पाहावा. आकडा असला तरी तो माणूस पीटरच होता असे त्यावरून म्हणता येणार नाही, इतकी सावधगिरी मात्र बाळगावी.

दुसरे खाते पगाराचे, आणि इथे सामग्री विपुल आहे. मिलिशिया म्हणजे गावोगावची शिबंदी : वसाहतीच्या कायद्याप्रमाणे साधारण सोळा ते साठ वयाच्या पुरुषांनी स्वतःची बंदूक बाळगायची, ठरल्या दिवशी कवायतीला हजर राहायचे आणि बोलावणे येताच निघायचे. तिच्यातूनच १७७४ च्या सुमारास निवडक माणसांच्या तुकड्या वेगळ्या काढण्यात आल्या. क्षणभराच्या सूचनेवर निघण्याची तयारी ठेवणाऱ्या या लोकांना मिनिटमेन म्हणत. गंमत अशी, की मॅसॅच्युसेट्सच्या कायद्याने १६५६ पासून कृष्णवर्णीयांना आणि मूळनिवासींना मिलिशियाच्या कवायतीतून वगळलेले होते, आणि तरीही प्रत्यक्षात युद्ध आले की त्यांना घेतले जाई. फ्रेमिंगहॅममध्येच नीरो बेन्सन नावाचा गुलाम १७२५ साली कॅप्टन आयझॅक क्लार्क यांच्या कंपनीत तुताऱ्या म्हणून गेला होता. पीटरने पुढे १७८३ साली जिच्याशी लग्न केले ती केटी बेन्सन ही या नीरोची नात. म्हणजे या घराण्याची शिबंदीतली चाकरी पीटरच्या आधी पन्नास वर्षांपासूनची आहे, आणि मुलीने पीटरबरोबर नीरोलाही प्रकल्पात घेतले तर विषयाला खोली येईल.

१९ एप्रिल १७७५ रोजी लेक्झिंग्टन आणि काँकर्ड येथे चकमकी झाल्या, तेव्हा पीटर कॅप्टन सायमन एजेल यांच्या मिनिटमेनच्या कंपनीतून निघाला. आपल्याला हे ठाऊक आहे याचे कारण निव्वळ हिशेबाचे आहे. त्या दिवशी धावून गेलेल्या प्रत्येक कंपनीच्या कॅप्टनने नंतर सरकारकडे वेतनासाठी यादी सादर केली. अशा यादीत सैनिकाचे नाव, हुद्दा, किती दिवस चाकरी झाली, किती मैल चालावे लागले आणि त्यापोटी किती रक्कम देणे आहे, असे रकाने असतात. खाली कॅप्टनने शपथेवर सही केलेली असते. शौर्याविषयी त्यात एक अक्षरही नसते. तरीही त्या दिवशी कोण खरोखर गेला होता हे सांगणारा याच्याइतका भरवशाचा कागद दुसरा नाही, कारण न गेलेल्या माणसाचे नाव घुसडले असते तर पैसे गावाच्याच लोकांच्या डोळ्यांदेखत लाटल्यासारखे झाले असते. या मूळ याद्या बॉस्टनमधील मॅसॅच्युसेट्स राज्य अभिलेखागारात आहेत. त्यांच्यावरून राज्याने १८९६ ते १९०८ या काळात सैनिक आणि खलाशांच्या नोंदींचे सतरा खंड छापले असून ते इंटरनेटवर मोफत वाचता येतात. आधी खंड पाहावा, पण तिथेच थांबू नये. खंडातली नोंद ही कारकुनाने केलेली संक्षिप्त नक्कल आहे, आणि मूळ पान पाहिल्यावर त्याच्या आगेमागे कोणाची नावे आहेत, तो कोणाबरोबर गेला, हे कळते.

शोधताना एक पथ्य पाळावे. गुलामगिरीतून आलेल्या माणसांचे आडनाव पक्के झालेले नसे. हाच माणूस काही ठिकाणी पीटर सेलम म्हणून, तर काही ठिकाणी सेलम मिडलसेक्स म्हणून येतो. फ्रेमिंगहॅम ज्या जिल्ह्यात येते त्याचे नाव मिडलसेक्स. शिवाय त्याच युद्धात, त्याच बंकर हिलवर, सेलम पूअर नावाचा दुसरा कृष्णवर्णीय सैनिक अँडोव्हर गावाकडून लढला होता, आणि त्याच्या शौर्याबद्दल चौदा अधिकाऱ्यांनी सह्या केलेला अर्ज उपलब्ध आहे. इंटरनेटवरच्या मजकुरात या दोघांची सरमिसळ वारंवार होते. वडाची साल पिंपळाला लागली की पुढचे सगळे चुकते, म्हणून प्रत्येक नोंदीपुढे गाव आणि कॅप्टन यांची नावे लिहून ठेवावीत.

एप्रिलच्या चकमकीनंतर आठवडाभरातच पीटर कॅप्टन ड्रूरी यांच्या कंपनीत, कर्नल जॉन निक्सन यांच्या रेजिमेंटमध्ये भरती झाला. वसाहतीच्या सुरक्षा समितीने त्याच वर्षी मे महिन्यात गुलामांना सैन्यात घेऊ नये, फक्त स्वतंत्र माणसांनाच घ्यावे, असा ठराव केला होता. बकमिन्स्टर यांनी त्याला भरतीसाठी मुक्त केले. १७७५ मध्ये आठ महिन्यांची चाकरी केलेल्यांना कोट किंवा त्याचे पैसे द्यायचे ठरले होते, आणि त्या कोटांच्या मागणीपत्रांचा मोठा संग्रह अभिलेखागारात आहे. अनेक सैनिकांची स्वतःच्या हाताची एकमेव निशाणी, सही किंवा नुसती फुली, याच कागदांवर मिळते. त्यामुळे तिथे निक्सन यांची रेजिमेंट आणि ड्रूरी यांची कंपनी अवश्य पाहावी.

पुढचा भाग मी भराभर सांगतो, कारण तो सर्वत्र मिळतो. नोव्हेंबर १७७५ मध्ये सरसेनापती जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या आदेशाने कृष्णवर्णीयांची भरती बंद झाली. डिसेंबरच्या अखेरीस, आधी लढलेल्या स्वतंत्र कृष्णवर्णीयांपुरती ती पुन्हा उघडण्यात आली, आणि पीटर नव्या वर्षासाठी पुन्हा दाखल झाला. १७७७ पासून तो तीन वर्षांच्या मुदतीवर मॅसॅच्युसेट्सच्या सहाव्या रेजिमेंटमध्ये होता. सॅराटोगाची लढाई याच काळातली. १७८० च्या सुमारास तो सैन्यातून सुटला. या मुदतीच्या सैनिकांना मिळालेल्या कागदी चलनाची किंमत घसरल्यामुळे सरकारने नंतर भरपाई दिली होती, आणि त्या भरपाईच्याही स्वतंत्र याद्या आहेत.

आता पिटकेर्नविषयी. पिटकेर्न हे ब्रिटिश मरीन दलाचे मेजर. १९ एप्रिलला लेक्झिंग्टनच्या मैदानावर तेच होते, त्यामुळे वसाहतवाल्यांच्या मनात त्यांच्याविषयी विशेष राग होता. १७ जून १७७५ च्या लढाईत ते जखमी होऊन मरण पावले आणि बॉस्टनच्या जुन्या नॉर्थ चर्चच्या तळघरात त्यांना पुरण्यात आले. इतके निर्विवाद आहे. त्यांना गोळी कोणी घातली याचे दोन जुने दाखले मिळतात. इतिहासकार जेरेमी बेलनॅप यांनी १७८७ साली आपल्या टिपणात लिहून ठेवले, की ग्रोटन गावच्या एका कृष्णवर्णीयाने नेम धरून पिटकेर्न यांना गोळी घातली. (हे बेलनॅप पीटरच्या पहिल्या मालकांहून वेगळे, नावाच्या सारखेपणाने इथेही घोटाळा होतो.) त्यानंतर सॅम्युअल स्वेट यांनी १८१८ साली लढाईचे वर्णन छापले, आणि त्यात सेलम नावाच्या कृष्णवर्णीय सैनिकाने त्यांना गोळी घातल्याचे म्हटले. पहिल्या दाखल्यात गाव आहे पण नाव नाही, आणि ते गाव फ्रेमिंगहॅम नव्हे. दुसऱ्यात नाव आहे पण गाव नाही, आणि तो लढाईनंतर त्रेचाळीस वर्षांनी, पीटरच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी लिहिलेला आहे. शिवाय त्या दिवशी मैदानावर किमान दोन सेलम होते. तेव्हा ‘एका कृष्णवर्णीय सैनिकाने पिटकेर्न यांना गोळी घातली, आणि तो पीटर होता असे परंपरा सांगते’ यापलीकडे मी तरी जाणार नाही. मुलीने दोन्ही दाखले शेजारी शेजारी मांडावेत आणि निकाल वाचणाऱ्यावर सोडावा.

जॉन ट्रंबल यांचे १७८६ चे बंकर हिलचे प्रसिद्ध चित्र पुरावा म्हणून देऊ नये. त्याच्या उजव्या कोपऱ्यात जो कृष्णवर्णीय बंदूकधारी दिसतो त्याला शंभर वर्षांहून अधिक काळ पीटर सेलम समजले गेले. परंतु तो लेफ्टनंट टॉमस ग्रॉसव्हेनर यांच्या मागे उभा आहे, आणि तो ग्रॉसव्हेनर यांचाच नोकर असावा असे आता बहुतेक अभ्यासक मानतात. ते चित्र लंडनमध्ये, लढाईनंतर अकरा वर्षांनी काढलेले आहे.

तिसरे खाते निवृत्तिवेतनाचे, आणि पीटरच्या बाबतीत ते रिकामे आहे. क्रांतियुद्धातल्या सैनिकांविषयी सर्वांत बोलके कागद म्हणजे त्यांचे निवृत्तिवेतनाचे अर्ज : कोणत्या लढाईत होतो, कॅप्टन कोण होता, घरी किती माणसे आहेत, गाय किती, भांडी किती, असे सगळे त्यात न्यायाधीशासमोर सांगितलेले असते. गरजू सैनिकांना केवळ चाकरीच्या आधारावर असे वेतन देणारा पहिला व्यापक कायदा मार्च १८१८ मध्ये झाला. पीटर ऑगस्ट १८१६ मध्ये गेला होता. दीड वर्ष अधिक जगला असता तर त्याच्या तोंडून आलेली हकीकत आज आपल्या हाती असती, आणि पिटकेर्नचा वादही कदाचित उरला नसता. मिलिशियातल्या अल्पकाळच्या चाकरीला तर १८३२ च्या कायद्यापर्यंत थांबावे लागले. सहा महिन्यांची चाकरी असली तरी तेव्हा वेतन मिळू लागले. १८३८ चा कायदा १७९४ पूर्वी लग्न झालेल्या विधवांसाठी होता, आणि पीटरचे लग्न १७८३ चे, म्हणून केटीच्या नावाने शोध घेणे आवश्यक आहे. काही न सापडल्यास ‘शोधले, सापडले नाही’ एवढे लिहावे. याखेरीज १८०० च्या नोव्हेंबरमध्ये युद्धखात्याला आग लागून त्यापूर्वीचे पुष्कळ कागद जळाले, हेही लक्षात असू द्यावे. उरलेली सर्व प्रकरणे राष्ट्रीय अभिलेखागारात असून फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर खाते उघडून विनाशुल्क शोधता येतात.

चौथे खाते मदतीचे, आणि शेवटच्या वर्षांसाठी व कबरीसाठी महत्त्वाचे हेच. लग्नानंतर पीटर वुस्टरजवळच्या लेस्टर या गावी झोपडी बांधून राहिला आणि खुर्च्यांच्या बैठका वेताने विणून पोट भरू लागला. लेस्टरमध्ये लहानाचे मोठे झालेले आणि पुढे राज्याचे गव्हर्नर झालेले एमरी वॉशबर्न यांनी गावाच्या इतिहासात त्याच्याविषयी लिहिले आहे. त्याला प्रत्यक्ष पाहिलेल्यांच्या आठवणींचे हे लेखन असल्याने मी त्याला बऱ्यापैकी वजन देतो. म्हातारपणी काम होईनासे झाले तेव्हा प्रश्न उभा राहिला तो खर्चाचा. मॅसॅच्युसेट्सच्या कायद्याने प्रत्येक गरीब माणसाचे एक ‘कायदेशीर गाव’ ठरलेले असे, आणि त्याला पोसण्याची जबाबदारी त्या गावाची. दुसऱ्या गावाने मदत केलीच तर त्याने त्या गावाकडून पैसे वसूल करायचे किंवा माणसाला परत पाठवायचे. पीटरचे कायदेशीर गाव फ्रेमिंगहॅम ठरले, तो परत आणला गेला आणि गावाच्या खर्चाने राहत असताना मेला. ज्याने या प्रजासत्ताकासाठी जवळपास पाच वर्षे बंदूक उचलली, त्याच्या बाबतीत दोन गावे हिशेब पाहत होती. आणि आज आपल्याला त्याचा शेवट ठाऊक आहे तो या हिशेबीपणामुळेच.

म्हणून दफनाचा शोध घेण्यासाठी दफनभूमीत जाण्याआधी गावाच्या कचेरीत जावे. फ्रेमिंगहॅमला २०१८ पासून शहराचा दर्जा मिळाला असला, तरी जुने ग्रामसभेचे ठराव आणि गरिबांच्या देखरेखदारांचे हिशेब यांची चौकशी शहर कारकुनाच्या कार्यालयात आणि फ्रेमिंगहॅम हिस्टरी सेंटरमध्ये करावी. १८१६ च्या उन्हाळ्यातील आणि शरदातील नोंदी ओळीने वाचाव्यात : शवपेटी करणाऱ्या सुताराला दिलेले पैसे, कबर खणणाऱ्याची मजुरी, डॉक्टरचे बिल, शुश्रूषा करणाऱ्या घराला दिलेली रक्कम. गावाच्या खर्चाने पुरलेल्या माणसाची अशी नोंद पुष्कळदा सापडते, आणि ती मिळाली तर शिळेवरील तारखेला स्वतंत्र दुजोरा मिळेल. छापील जन्ममृत्यूनोंदी पाहताना मात्र तारखेपुढे ‘जी. आर.’ अशी खूण आहे का ते पाहावे. ती असली तर तारीख थडग्यावरून उतरवलेली आहे, म्हणजे १८८२ च्याच दगडाची प्रतिध्वनी आहे, आणि तिला दुसरा साक्षीदार समजू नये.

आता तो त्याच जागी आहे काय? गावाने त्याला त्या दफनभूमीत पुरले, एवढे मानण्यास परंपरेचा आधार पुरेसा आहे. परंतु गरीब माणसाच्या कबरीवर तेव्हा बिनअक्षरी रानदगड ठेवत किंवा काहीच ठेवत नसत, त्यामुळे सहासष्ट वर्षांनी नेमकी जागा कशावरून ठरवली, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर पुन्हा पैशाच्या कागदात शोधावे. १८८२ ची शिळा गावाच्या पैशाने उभी राहिली, म्हणजे ठराव झाला असणार, रक्कम मंजूर झाली असणार, आणि कोणीतरी जागा दाखवली असणार. त्या काळात गावाचे वार्षिक अहवाल छापत असत. १८८२ आणि ८३ चे अहवाल आणि त्या वेळची स्थानिक वृत्तपत्रे वाचावीत. जागा दाखवणारा एखादा म्हातारा दफनाला हजर होता असे निघाले तर गोष्ट वेगळी. तसे काही न निघाल्यास शिळेला कबरीची खूण न म्हणता स्मारक म्हणावे. आपल्याकडच्या वीरगळाखाली कोणी देह शोधत नाही आणि त्यामुळे वीरगळाचे मोल कमीही होत नाही, हे मुलीला सांगता येईल.

इंटरनेटवरील थडग्यांच्या संकेतस्थळांवर शिळेचे छायाचित्र मिळेल आणि तेवढ्यापुरताच त्यांचा उपयोग करावा. तिथले चरित्र बहुधा एकमेकांवरून उतरवलेले असते. शिळेवर किंवा शेजारी लावलेले धातूचे सैनिकी चिन्ह आणि ध्वज यांवरूनही निष्कर्ष काढू नये. मॅसॅच्युसेट्समध्ये सैनिकांच्या कबरींची निगा राखण्यासाठी गावाने माणूस नेमायचा असतो, आणि दर मे महिन्याच्या अखेरीस असे ध्वज लावले जातात. त्याच्याकडे कबरींची यादी असेल, तीही पाहून घ्यावी.

प्रश्न : वरील विषयाशी जुळणारा प्रश्न आहे. भुसावळजवळच्या एका जुन्या ख्रिस्ती दफनभूमीत झुडपे काढताना आम्हा तरुणांना एक शिळा सापडली. तिच्यावर जी. आय. पी. रेल्वे व्हॉलंटिअर्स असे शब्द, इंजिन ड्रायव्हर हा हुद्दा आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे साल वाचता येते. आडनाव झिजले आहे. हा माणूस सैनिक होता काय, आणि त्याचे नाव कसे शोधावे?
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : तो पगारी सैनिक नव्हता, हौशी म्हणावा तर हौशीही पुरता नव्हता. १८५७ नंतर इंग्रजांनी हिंदुस्थानात युरोपीय आणि अँग्लो-इंडियन नागरिकांच्या स्वयंसेवक पलटणी वाढवल्या, १८६९ साली त्यांच्यासाठी कायदा केला, आणि रेल्वे कंपन्यांनी आपापल्या पलटणी उभारल्या. जी. आय. पी. म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे ही त्यांतलीच एक कंपनी. रूळ, पूल आणि ठाणी यांचे रक्षण हा त्यामागचा उद्देश. नाव स्वयंसेवकांचे असले तरी युरोपीय आणि अँग्लो-इंडियन रेल्वे नोकरांना त्यात दाखल होणे बहुधा भागच असे. आपला ड्रायव्हर आठवडाभर गाडी हाकी आणि ठरल्या दिवशी कवायत करी. भुसावळ, इगतपुरीसारख्या रेल्वे वसाहतींत अशी माणसे शेकड्यांनी होती.

इथेही पैसे कोण देत होते, ते पाहा. पलटणीने त्याला वेतन दिले नाही, म्हणून लष्करी नोंदींत शिपायाच्या हुद्द्यावरील माणसाचा माग फारसा लागत नाही. अधिकाऱ्यांची नावे वार्षिक निर्देशिकांत सापडतात, शिपायांची क्वचित. वेतन दिले ते रेल्वेने. रेल्वेच्या युरोपीय आणि अँग्लो-इंडियन नोकरांच्या याद्या लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत.

परंतु आपल्याला आधी आडनाव हवे, आणि त्यासाठी दफनाची नोंद सर्वांत सोपी. मुंबई इलाख्यातील बाप्तिस्मे, विवाह आणि दफने यांच्या वार्षिक नकला पाद्री लोक मुंबईमार्गे लंडनला पाठवत असत. त्याच दप्तरात त्या ‘एन/३’ या मालिकेत जतन केल्या आहेत, आणि फाइंडमायपास्ट या संकेतस्थळावर पाहता येतात. सालाबरोबर भुसावळ हे स्थळ आणि ड्रायव्हर हा व्यवसाय देऊन शोधल्यास मोजकीच नावे उरतील. दफनाच्या नोंदीत बहुतेकदा वय, व्यवसाय आणि मृत्यूचे कारण असते. झिजलेल्या अक्षरांशी त्यांतले कोणते आडनाव जुळते ते पाहावे. ब्रिटिशकालीन कुटुंबांचा शोध घेणारी फिबिस ही संस्था अशा नोंदींच्या अनुक्रमणिका विनाशुल्क पाहू देते, तिथूनच आरंभ करावा. रोमन कॅथॉलिक माणूस असेल तर त्या नकलांत नसण्याचा संभव आहे. मग स्थानिक चर्चचे मूळ रजिस्टर पाहण्याची परवानगी मागावी.

त्याने वीस वर्षे स्वयंसेवक म्हणून काढली असतील आणि तो १८९६ नंतर वारला असेल, तर दीर्घसेवेचे पदकही मिळालेले असू शकते. हिंदुस्थान आणि वसाहतींसाठी ते त्याच साली सुरू झाले, आणि अशा पदकांच्या कडेवर बहुधा मालकाचे नाव व पलटण कोरलेली असते. ती आज नाणी-पदकांच्या लिलावांत फिरत असतात, त्यामुळे आडनाव हाती आल्यावर लिलावांच्या जुन्या याद्यांतही एक नजर टाकावी.

शिळा वाचण्यासाठी खडू, आम्ल किंवा तारेचा ब्रश लावू नये. सकाळी किंवा सायंकाळी ऊन तिरपे पडते तेव्हा, अथवा रात्री एका बाजूने विजेरी धरून, अनेक छायाचित्रे घ्यावीत. झिजलेल्या अक्षरांच्या कडा सावलीत उठून दिसतात. मजकूर जसा दिसतो तसाच ओळीनुसार उतरवावा, न लागलेल्या अक्षराच्या जागी टिंब द्यावे, आणि अंदाजाचे अक्षर वेगळ्या रंगाने लिहावे. झुडपे पुढे काढण्यापूर्वी दफनभूमीची देखरेख ज्या चर्चकडे आहे त्याची लेखी परवानगी घ्यावी, आणि छायाचित्रांची व उताऱ्याची एक प्रत त्यांच्याकडे ठेवून दुसरी लंडनमधील बॅक्सा या संस्थेकडे पाठवावी. दक्षिण आशियातील युरोपीय दफनभूमींच्या नोंदी ही संस्था १९७६ पासून जमवीत आहे, आणि आपल्या या दफनभूमीचे कोणी पूर्वी सर्वेक्षण केले असल्यास, आडनाव शाबूत असताना घेतलेला उतारा तिच्याकडे मिळण्याची शक्यता आहे.